जांगड आणि कार्ने : परत येणाऱ्या वस्तूंचा इतिहास

जुन्या बाजारपेठेत 'जांगड' नावाचा एक व्यवहार होता, आणि हिऱ्या-दागिन्यांच्या व्यापारात तो आजही टिकून आहे. पेढीवरची वस्तू न्यायची, पाहायची, दाखवायची. पसंत पडली तर पैसे द्यायचे, नाहीतर नेली तशी परत करायची. वस्तू हातातून गेलेली असते, पण विकली गेलेली नसते. विक्री आणि उसनवारी ह्यांच्या मधली ही अवस्था मराठीने एका शब्दात नेमकी पकडली आहे. ह्या व्यवहाराचा सगळा भार एका गृहीतावर असतो : जे परत येईल ते तेच असेल.

हेच गृहीत दोन देशांच्या सीमेवर नेऊन ठेवले की काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. नाटकमंडळीचे पोशाख, वादकाची सतार, संग्रहालयातली मूर्ती ह्या वस्तू परदेशी जातात त्या विकण्यासाठी नव्हे. त्या काही दिवस परक्या भूमीवर राहून माघारी यायच्या असतात. पण सीमेवर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला ते कसे कळावे? आयातशुल्क हे काही सीमा ओलांडल्याबद्दलचा दंड नसते. वस्तू देशात राहील, तिथल्या बाजारात मिसळेल, म्हणून ते घेतले जाते. तेव्हा पाहुणी म्हणून आलेल्या वस्तूला आपण पाहुणे आहोत हे सिद्ध करावे लागते. पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' किंवा ईस्ट इंडिया कंपनीचे 'दस्तक' हे आपल्या इतिहासातले प्रसिद्ध परवाने जाण्याची मुभा देणारे होते. परत येण्याची हमी देणारा कागद ही त्या मानाने अगदी अलीकडची निर्मिती आहे.

असा कागद अस्तित्वात येण्यापूर्वी शासनांकडे ढोबळ मानाने तीन मार्ग होते : शुल्काइतकी रक्कम अनामत म्हणून ठेवून घेणे, स्थानिक जामीनदाराकडून बंधपत्र लिहून घेणे, किंवा वस्तू कस्टमच्या देखरेखीखालच्या वखारीत ठेवणे. १८५१च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनाने हा तिसरा मार्ग मोठ्या कल्पकतेने वापरला. हाइड पार्कातला तो काचेचा प्रचंड महाल, म्हणजे क्रिस्टल पॅलेस, कायद्याच्या दृष्टीने कस्टमची वखारच मानला गेला. परदेशी वस्तू त्या छपराखाली होत्या तोवर त्या इंग्लंडमध्ये 'आलेल्या' नव्हत्या. लाखो प्रेक्षकांनी ज्या पाहिल्या त्या वस्तू कायद्याच्या लेखी अजून सीमेवरच उभ्या होत्या.

त्याच प्रदर्शनात हिंदुस्थानच्या दालनाची मोठी वाहवा झाली. प्रदर्शन संपल्यावर सरकारने ५,००० पौंडांचे अनुदान देऊन काही निवडक वस्तू नव्या संग्रहालयासाठी खरेदी केल्या, आणि त्यांत हिंदुस्थानी कारागिरांच्या वस्तूही होत्या. आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहाचा पाया त्या खरेदीत आहे. दाखवण्यासाठी गेलेले सारेच परत येते असे नाही, हे ह्या इतिहासाच्या आरंभीच नोंदवून ठेवले पाहिजे. जांगड नेलेली वस्तू पसंत पडणे हाही त्या व्यवहाराचा एक शेवट असतोच. प्रश्न एवढाच की किंमत कोण ठरवतो आणि नकार देण्याची मुभा कोणाला असते.

अनामत असो वा बंधपत्र, दोन्हींच्या मुळाशी एक अडचण होती. सवलत द्यायची तर समोरची वस्तू काय आहे, हे आधी ठरवावे लागे. ऑक्टोबर १९२६मध्ये ब्रांकुशी ह्या रुमानियन शिल्पकाराची शिल्पे 'पॅरिस' नावाच्या जहाजाने न्यूयॉर्कला पोहोचली. प्रदर्शनासाठी आलेल्या त्या शिल्पांसोबत मार्सेल द्युशाँ होता. त्यांतले 'अवकाशातील पक्षी' हे उंच, निमुळते, चकचकीत ब्राँझचे शिल्प अधिकाऱ्यांना शिल्प वाटेना. त्याला चोच नव्हती, पंख नव्हते, पिसे नव्हती. अमेरिकी कायद्यानुसार कलाकृतीला शुल्क माफ होते, पण धातूच्या वस्तूवर ४० टक्के शुल्क होते. शिल्पे प्रदर्शनापुरती बंधपत्रावर सोडण्यात आली ती स्वयंपाकघरातली भांडी आणि रुग्णालयाचे साहित्य ह्या सदराखाली. पुढे खटला उभा राहिला. शिल्पकार आणि समीक्षक साक्षीला आले. निसर्गातल्या रूपाचे अनुकरण न करणारी कृती कला होऊ शकते का, ह्या प्रश्नाची चर्चा कस्टमच्या न्यायालयात झाली. २६ नोव्हेंबर १९२८ रोजी निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. मूर्त वस्तूऐवजी अमूर्त कल्पना साकारू पाहणारी कलेची एक नवी शाखा उदयाला आली आहे, असे न्यायालयाने मान्य केले.

ही कथा आपल्याकडे आधुनिक कलेच्या विजयाची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ते खरेच आहे. पण तिची दुसरीही बाजू आहे. सीमेवरच्या नोंदवहीत प्रत्येक वस्तूला एक सदर लागते. त्या सदरांची भाषा व्यापाराने घडवलेली असते, आणि कलेला त्या भाषेत स्वतःचे भाषांतर करून द्यावे लागते. कस्टमचा कारकून हा अशा वेळी कलाकृतीचा पहिला वाचक असतो. त्याचे वाचन चुकले तर त्याची किंमत रोख मोजावी लागते.

दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि त्यानंतर ही भाषा सर्व देशांना समान करण्याचे प्रयत्न झाले. १९२३मध्ये जिनिव्हात कस्टमच्या औपचारिकता सुलभ करण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९५६मध्ये व्यापारी नमुन्यांसाठी एक सामायिक पुस्तिका आली. जून १९६१मध्ये ब्रुसेल्स येथे दोन करार झाले : एक प्रदर्शनांत मांडायच्या मालासाठी आणि दुसरा व्यावसायिक साधनांसाठी. त्यानंतर ६ डिसेंबर १९६१ रोजी ह्या सर्वांना लागू पडेल अशा पुस्तिकेचा करार झाला. तीच ए.टी.ए. कार्ने. हा करार ३० जुलै १९६३पासून अमलात आला. फ्रेंचमध्ये कार्ने म्हणजे छोटी वही. 'ए.टी.ए.' ही अक्षरे 'तात्पुरता प्रवेश' ह्या अर्थाच्या फ्रेंच आणि इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे एकत्र करून बनवलेली आहेत. नावातच दोन भाषांनी जागा वाटून घेतली आहे. १९९०च्या इस्तंबूल कराराने पुढे ह्या विखुरलेल्या करारांना एका छत्राखाली आणले.

व्यावसायिक साधनांच्या कराराला जोडलेली नमुनायादी साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. कलावंत, नाटकमंडळ्या आणि वाद्यवृंद ह्यांची साधने तिच्यात येतात : वाद्ये, पोशाख, नेपथ्य आणि प्राणीसुद्धा. ह्याच यादीत शल्यवैद्य आणि सुइणी ह्यांचीही साधने आहेत. ब्रांकुशीच्या पक्ष्याला भांड्यांत ढकलणाऱ्या वर्गीकरणानंतर साडेतीन दशकांच्या आत, नटाचा अंगरखा आणि वैद्याची शस्त्रे एकाच न्यायाने 'कामाची हत्यारे' मानली गेली. कलावंताला चैनीच्या मालाचा वाहक न समजता काम करणारा माणूस समजणे, हा ह्या रूक्ष कराराचा मोठेपणा आहे. करार घडवताना युनेस्कोचा सल्ला घेतला गेला होता, हेही इथे लक्षात घ्यावे.

कार्नेचे काम कसे चालते ते थोडक्यात पाहू. हिरव्या वेष्टनाच्या ह्या वहीत वेगवेगळ्या रंगांची पाने असतात : स्वदेशातून निघण्यासाठी आणि परतण्यासाठी पिवळी, परदेशात शिरण्यासाठी आणि तिथून बाहेर पडण्यासाठी पांढरी, आणि एखाद्या देशातून नुसते पुढे जायचे असेल तर निळी. प्रत्येक नाक्यावर शिक्का मारून पान फाडून घेतले जाते आणि वहीत त्याची स्थळप्रत राहते. शेवटी ह्या स्थळप्रतींवरून वस्तू कुठे शिरली आणि कुठून निघाली ह्याची साखळी जुळावी लागते. वहीची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची.

पण कार्नेचा खरा शोध रंगीत पानांत नाही, हमीच्या रचनेत आहे. परदेशी अधिकारी समोरच्या वादकावर विश्वास ठेवत नाही. तो विश्वास ठेवतो आपल्याच देशातल्या हमीदार संस्थेवर. ती संस्था वादकाच्या देशातल्या तशाच संस्थेवर. आणि ती संस्था वादकाकडून तारण घेते. ह्या संस्था बहुतेक ठिकाणी वाणिज्य मंडळे आहेत. भारतात हे काम 'फिक्की'कडे आहे. वस्तू परत गेल्याचा पुरावा मिळाला नाही, तर कार्नेची मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत कस्टमने हमीदाराकडे मागणी करायची, आणि हमीदाराने सहा महिन्यांत पुरावा सादर करायचा, अशी मूळ करारातली तरतूद आहे. हमीदाराकडून शुल्काच्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक मागायचे नाही, अशी मर्यादाही तिथे घातलेली आहे. जांगडीच्या व्यवहारात दोन्ही बाजूंच्या ओळखीचा दलाल जे काम करी, तेच हे.

इथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. कार्नेमुळे सीमेवरची अनामत नाहीशी झाली असे म्हणतात. वास्तविक ती स्थलांतरित झाली. परक्या देशाच्या नाक्यावर ठेवायचे पैसे आता स्वतःच्या गावातल्या मंडळाकडे तारण म्हणून ठेवायचे असतात. ज्याच्यामागे पेढी, संस्था किंवा शासन उभे आहे त्याला हे सोपे जाते. चार पोशाख आणि दोन वाद्ये घेऊन निघालेल्या मंडळीला ते तितके सोपे नसते. सीमेवरचा अविश्वास घराच्या उंबरठ्यापर्यंत आला, एवढाच त्याचा अर्थ होतो.

आता ह्या वहीतल्या सर्वांत महत्त्वाच्या मजकुराकडे वळू. तो म्हणजे वस्तूंची सर्वसाधारण यादी. अनुक्रमांक, वर्णन आणि खुणा, नगसंख्या, वजन, किंमत, मूळ देश असे तिचे रकाने. वही दिली गेल्यावर तिच्यात एकही वस्तू वाढवता येत नाही. मराठी दप्तरांत 'याद' हा एक मान्य लेखनप्रकारच होता, त्यामुळे यादी ही केवळ मोजदाद नसते, तिलाही एक दृष्टी असते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. मिरजेचा एखादा तंबोरा ह्या यादीत उतरवून पाहावा. तंतुवाद्य, नग एक, वजन इतके, किंमत इतकी, मूळ देश भारत. त्याचा भोपळा कोणत्या शिवारातला, त्याची जवारी कोणाच्या हातची, त्याच्या साथीने कोण गायले, ह्यांतले काहीही रकान्यांत बसत नाही. किंमत ह्या रकान्यात बाजारभाव लिहायचा असतो. गुरूकडून आलेल्या वाद्याला बाजारभाव कोणता लावावा हा प्रश्न रकाना विचारत नाही.

कार्नेवर काय जाऊ शकत नाही, हे तर आणखी बोलके आहे. विक्रीचा माल जात नाही, कारण तो परत यायचा नसतो. खपून जाणारा माल जात नाही : रंगभूषेचे साहित्य, फुले, उदबत्त्या. आणि प्रक्रियेसाठी किंवा दुरुस्तीसाठी पाठवलेली वस्तूही जात नाही, कारण ती बदलून परत येणार असते. थोडक्यात, जी विकली जात नाही, वापरून संपत नाही आणि बदलत नाही, तीच वस्तू ह्या वहीला मान्य आहे. उलट कलेचा प्रवास होतो तो काहीतरी बदलावे म्हणून.

उदय शंकर ह्यांच्या नृत्यसंघाचा पहिला प्रयोग ३ मार्च १९३१ रोजी पॅरिसला झाला. ह्या संघाने भारतीय वाद्यांचा मोठा संच युरोपभर आणि पुढे अमेरिकेत फिरवला. संघाचे संगीत सांभाळणारे विष्णुदास शिराळी हे विष्णु दिगंबर पलुसकरांच्या परंपरेत शिकलेले. ज्या विद्येचे संस्कार गांधर्व महाविद्यालयात झाले ती विद्या पाश्चात्त्य रंगमंचाच्या वेळेत, प्रकाशात आणि अंतरात बसवताना तिला नवे रूप मिळाले. वाद्ये गेली तशी परत आली असतील. संगीत तसे परत आले नाही. भारतीय नृत्याकडे पाहण्याची भारतीयांची नजरही ह्या दौऱ्यांनंतर पहिली राहिली नाही. ह्या फरकाची नोंद कोणत्याही कस्टमच्या कागदात होणे शक्यच नव्हते.

दुसरे उदाहरण घरचे आहे. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२चा, आणि थिएटर अकॅडमीने ते नाटक १९८०मध्ये युरोपात नेले ते मोठ्या विरोधाला तोंड देऊन. त्या नाटकाचे नेपथ्य म्हणजे माणसांची रांग. तीच भिंत, तोच पडदा, तीच पुण्याची गल्ली. जब्बार पटेल ह्यांच्या दिग्दर्शनातला हा सर्वांत प्रभावी घटक कोणत्याही यादीत लिहिता येणारा नव्हता, कारण तो पासपोर्टवर प्रवास करत होता. मात्र ह्या नाटकाच्या जाण्याला जी हरकत घेतली गेली ती वस्तूंना नव्हती, आशयाला होती. महाराष्ट्राची कोणती प्रतिमा परदेशी न्यायची, हा तो वाद होता. म्हणजे शुल्कनाक्यावर कधीही न विचारला गेलेला प्रश्न घरच्या नाक्यावर विचारला गेला. 'हे परत येईल का' ह्याची चिंता तिथे कोणालाच नव्हती. चिंता होती ती हे तिथे काय ठेवून येईल ह्याची.

परतीचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. भारताच्या १९६२च्या सीमाशुल्क कायद्यातले २०वे कलम सांगते की, निर्यात झालेली वस्तू पुन्हा देशात आली तर तिला तशाच परदेशी मालाप्रमाणे शुल्क आणि निर्बंध लागू होतात. सवलती अर्थात आहेत, पण त्या अपवाद म्हणून, अटींसह. मूळ नियम असा की उंबरठा ओलांडून गेलेली वस्तू परतताना परकीच असते. ती आपलीच आहे हे कागदाने दाखवून द्यावे लागते. परदेशी जाताना मौल्यवान चीजवस्तूंचा दाखला कस्टमकडून आधीच करून घेण्याचा शिरस्ता ह्याच तर्कातून आलेला आहे.

युरोपातही हा तर्क वेगळा नाही. ऑगस्ट २०१२मध्ये युझुको होरिगोमे ह्या जपानी व्हायोलिनवादिकेचे ग्वार्नेरी बनावटीचे जुने व्हायोलिन फ्रँकफर्ट विमानतळावर जप्त झाले. त्या अनेक वर्षे बेल्जियममध्ये राहत होत्या आणि हे वाद्य घेऊन जगभर वाजवत होत्या. पुरेशी कागदपत्रे जवळ नसल्याने वाद्य हा आयात माल ठरला आणि त्यांच्याकडे १,९०,००० युरोंची मागणी करण्यात आली. पुढच्या महिन्यात वाद्य परत मिळाले. वाद्य तेच, हात तेच, आणि तरीही कागद नसल्यामुळे साधनाचा माल झाला.

शिवाय अलीकडे वस्तूच्या आत शिरून पाहणारे नियमही आले आहेत. धोक्यात आलेल्या वन्य जीवजातींच्या व्यापाराविषयीच्या 'सायटीस' कराराखाली २०१७मध्ये शिसवाच्या संपूर्ण कुळावर निर्बंध आले, आणि जगभरच्या गिटारवादकांना आपले वाद्य कोणत्या लाकडाचे आहे ह्याचा दाखला शोधावा लागला. २०१९मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. २०१४मध्ये बुडापेस्टच्या एका वाद्यवृंदाचे सात गज हस्तिदंताच्या संशयावरून न्यूयॉर्कला अडवून ठेवले गेले. आपल्याकडे सतारीच्या घोडीसाठी पूर्वी सांबरशिंग वापरले जाई. आज त्याच्या व्यापारावर बंदी आहे. ह्या नियमांमागचा हेतू निःसंशय योग्य आहे. पण त्यामुळे जुन्या वाद्याच्या अंगात त्याच्या काळाचा जो इतिहास आहे तोच सीमेवर त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ लागतो.

यादी ही निव्वळ औपचारिकता मानणाऱ्यांनी २००७च्या अखेरीस ढाक्यात जे घडले ते आठवावे. पॅरिसच्या गिमे संग्रहालयात भरणाऱ्या प्रदर्शनासाठी बांगलादेशातल्या संग्रहालयांतली प्राचीन शिल्पे पाठवायची होती. देशातल्या अनेक अभ्यासकांनी आणि कलावंतांनी विरोध केला. याद्या अपुऱ्या आहेत, वस्तूंचे वर्णन नेमके नाही, मग परत येणारी वस्तू तीच आहे हे कशावरून ओळखायचे, हा त्यांच्या आक्षेपांतला एक मुख्य मुद्दा होता. एक खेप रवाना झाली. दुसऱ्या खेपेच्या वेळी, डिसेंबरमध्ये, ढाका विमानतळावरूनच दोन गुप्तकालीन विष्णुमूर्ती चोरीला गेल्या. पुढे हाती लागले ते त्यांचे तुकडे. प्रदर्शन रद्द झाले आणि गेलेल्या वस्तू माघारी आणल्या गेल्या. त्या मूर्ती परक्या देशात हरवल्या नाहीत, घरच्या विमानतळावर हरवल्या. आक्षेप घेणाऱ्यांना जे भय होते ते वेगळ्या मार्गाने खरे ठरले. परंतु त्यांचा मूळ प्रश्न अजिबात अवाजवी नव्हता. नीट न लिहिलेली यादी म्हणजे आधीच अर्धी हरवलेली वस्तू.

ह्या सगळ्या कागदांची गरज पुढे कमी होत जाईल, अशी एक समजूत विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होती. युरोपीय संघात मालाच्या हालचालीवरची बंधने उठली तेव्हा तिथल्या वाद्यवृंदांची एक पिढी संघाच्या आत कार्नेवाचूनच दौरे करत वाढली. १ जानेवारी २०२१पासून ब्रिटन त्या व्यवस्थेच्या बाहेर पडला, आणि ब्रिटिश वादकांना ही जुनी वही पुन्हा हाती घ्यावी लागली. स्वतःसोबत नेता येणाऱ्या वाद्याला सवलत राहिली; पण मोटारीत भरून स्वतंत्रपणे पाठवलेल्या मोठ्या वाद्यांसाठी, ध्वनियंत्रणेसाठी आणि नेपथ्यासाठी कार्नेची वाट आली, तिच्या शुल्कासह आणि तारणासह. प्रयोगाच्या ठिकाणी विकायच्या ध्वनिमुद्रिका अर्थातच तिच्यात बसत नाहीत. मोठ्या वाद्यवृंदांनी हा खर्च कसाबसा पेलला; लहान मंडळ्यांना दौऱ्याचे गणित नव्याने मांडावे लागले. सीमाविरहित दौरा हा इतिहासाचा स्वाभाविक शेवट नव्हता, तो एक मोकळा मधला काळ होता, हे त्यातून कळून चुकले.

साहित्य आणि रंगभूमी शिकवणाऱ्यांनी ह्या कागदांकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते ते दोन कारणांनी. पहिले कारण असे की, कलाकृतीचे 'तेच असणे' म्हणजे काय, हा प्रश्न आपण सौंदर्यशास्त्राच्या तासाला विचारतो, आणि त्याचे एक कठोर, पैशांत मोजलेले उत्तर सीमेवर रोज दिले जात असते. ते उत्तर अपुरे आहे हे दाखवणे सोपे आहे. पण भांड्यांच्या सदरात गेलेल्या पक्ष्यापासून 'कामाची हत्यारे' ह्या मान्यतेपर्यंत ते कसे बदलत आले, हे पाहिले तर कलेविषयीच्या सार्वजनिक समजुतीचा इतिहास तिथे वाचता येतो.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. मराठी रंगभूमीच्या दौऱ्यांचा इतिहास आपण प्रामुख्याने आत्मचरित्रांतून आणि वृत्तपत्रीय परीक्षणांतून लिहितो. त्यांत टाळ्या असतात, वाद असतात, आठवणी असतात. किती पोशाख गेले, मृदंग किती, पेट्यांचे वजन किती, त्यांची किंमत तेव्हा काय लावली गेली आणि परत काय आले नाही, हे त्यांत क्वचितच असते. ते ज्या कागदांत असते ते कागद हिशेब पुरा झाला की रद्दीत जातात. संस्थांच्या कपाटांत अशा याद्या, शिक्के मारलेल्या स्थळप्रती, विम्याची पत्रे आजही सापडू शकतील. त्या जपल्या पाहिजेत, त्यांवर तारखा आणि प्रयोगांची नावे घातली पाहिजेत, आणि विद्यार्थ्यांना त्या वाचायला शिकवले पाहिजे. परत आलेली वस्तूही कालांतराने झिजते, मोडते, विकली जाते. ती गेली होती आणि आली होती, हे सांगणारी यादी मात्र ठेवली तर राहते.